बर्फावरची बोहारीण

माझा आणि हॉकीचा संबंध लहानपणी आमच्या वाड्यामागच्या बोळात सुरू झाला आणि तिथंच, डाव्या नडगीवर, संपला. तरीपण हॉकी म्हटलं की छाती फुगवायची, हे आमच्या पिढीचं एक राष्ट्रीय कर्तव्य होतं. १९२८ साली अ‍ॅमस्टरडॅमला काय झालं, ध्यानचंद काय चीज होती, १९७५ साली क्वालालंपूरला अशोककुमारने पाकिस्तानवर गोल कसा मारला, हे सगळं आम्हांला पाढ्यांसारखं पाठ. शिवाय धनराज पिल्ले आमच्या खडकीचा. आता आम्ही सदाशिव पेठेतले. खडकीला उभ्या आयुष्यात दोनदा गेलो असू, तेही चुकीच्या बसमध्ये बसल्यामुळे. पण परदेशात गेलं की खडकीसुद्धा आपली वाटायला लागते.

२०१५ च्या एप्रिलात, निवृत्त झाल्या झाल्या, आम्ही उभयता मुलाकडे टोरांटोला गेलो. म्हणजे खरं तर शेजारी मिसिसागाला. पण पुण्यात सांगताना टोरांटो म्हणायचं. एप्रिल म्हणजे आपल्याकडे कैऱ्यांचे दिवस. तिथं मी दोन स्वेटर, त्यावर मुलाचा कोट आणि त्यावर कानटोपी अशा थाटात कुंपणापाशी उभा होतो, आणि पलीकडून एक उंच म्हातारे गृहस्थ नुसत्या सदऱ्यावर कचऱ्याचा डबा ओढत येत होते. मला पाहून थांबले.

"हॉकी बघता का?"

हवापाण्याची चौकशी नाही, गाव कुठलं नाही, एकदम हॉकी! मी म्हटलं, "बघता का म्हणजे? आठ सुवर्णपदकं आहेत आमची!"

"आठ? बर्फावर?"

"बर्फावर कशाला? गवतावर!"

"अच्छा," ते म्हणाले. तांब्याने अंघोळ करणाऱ्याने आपल्याला पोहता येतं असं सांगितल्यावर पट्टीच्या पोहणाऱ्याचा जो सूर लागेल, तो त्या 'अच्छा'त होता.

संध्याकाळी मुलाने माझा वर्ग घेतला. तिकडे हॉकी म्हणजे बर्फावरचीच. टोरांटोच्या संघाचं नाव मेपल लीफ्स. सगळ्यात मानाचा तो स्टॅन्ली कप, आणि तो या संघाने शेवटचा जिंकला १९६७ साली. त्या वेळी लीगमध्ये संघच मुळी सहा होते. त्यानंतर संघ वाढत वाढत गेले, वाळवंटातल्या गावांनीसुद्धा बर्फाचे संघ काढले, आणि टोरांटोचे लोक मात्र दर वसंतात तोंडात मारल्यासारखे घरी बसतात. शेजारच्या आजोबांनी उभं आयुष्य बस चालवली. जन्म १९३६ चा. कुठलाही विषय काढा, तिसऱ्या वाक्याला त्यांची बस सदुसष्टच्या थांब्यावर येऊन उभी राहते. म्हणून मी मनातल्या मनात त्यांचं नाव ठेवलं सदुसष्टबुवा.

मला पहिला धक्का बसला तो असा. लीफ्स सामना हरले आणि सदुसष्टबुवा खुशीत शीळ घालत होते. मला वाटलं, इतकी वर्षं हरून हरून डोक्यावर परिणाम झाला असावा. पण नाही. त्या हंगामात संघ तळाला गेला होता, आणि तळाला गेलेल्यांसाठी तिकडे एक सोय आहे. दर वर्षी जूनमध्ये 'ड्राफ्ट' होतो. अठरा वर्षांची नवी मुलं संघांनी एकेक करून निवडायची. जो संघ तळाला, त्याचा नंबर आधी. म्हणजे वर्गातल्या ढ मुलाला पुढच्या वर्षी मास्तरांनी सगळ्यात आधी वाढायचं. मग काही संघ मुद्दाम नापास होतील की नाही? होतील, अशी शंका त्यांनाही आली, म्हणून वर लॉटरी. यंत्रात चौदा चेंडू घालतात, चार काढतात. चार आकड्यांच्या हजार आणि एक जोड्या होतात. एक रद्द समजायची आणि बाकीच्या हजार तळाच्या संघांना नशिबाच्या प्रमाणात वाटून द्यायच्या. आपल्याकडे पत्रिका जुळवताना छत्तीस गुण असतात. यांना हजार लागतात, एवढाच फरक.

त्या वर्षीचं बक्षीस म्हणजे कॉनर मॅकडेव्हिड. असा मुलगा पिढीत एकदा निपजतो असं सगळे सांगत होते, आणि पोरगा टोरांटोच्या उत्तरेला न्यूमार्केटचा, म्हणजे घरचाच. टोरांटोला तो मिळायची शक्यता साडेनऊ टक्के. साडेनऊ टक्क्यांवर सदुसष्टबुवांनी अठरा एप्रिलला नवा सदरा घातला. लॉटरी लागली एडमंटनला. सहा वर्षांत चौथ्यांदा पहिला नंबर त्यांचा! टोरांटोच्या वाट्याला चौथा नंबर आला. बुवा बाहेर येऊन कुंपणाला टेकून उभे राहिले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "चौथ्या नंबरालाही चांगली मुलं मिळतात."

हे वाक्य मी ओळखलं. माझ्या मोठ्या बहिणीच्या लग्नाच्या वेळी आमचे वडील हेच म्हणत असत.

दुसऱ्या दिवसापासून मी त्यांच्या मंडळात रुजू झालो. मंडळ सकाळी साडेआठला टिम हॉर्टन्समध्ये भरायचं. हे कॉफीचं दुकान तिकडे आपल्या अमृततुल्यासारखं कोपऱ्याकोपऱ्यावर असतं. ज्याच्या नावाचं ते दुकान, तो टिम हॉर्टन स्वतः सदुसष्टच्या त्याच संघात बचावाला खेळायचा. म्हणजे बुवा देवळातच बसायचे म्हणायला हरकत नाही. तिथं 'डबल-डबल' मागितलं की दुप्पट दूध, दुप्पट साखर घातलेली कॉफी मिळते. एवढ्या एका गोष्टीवर मी कॅनडाला सगळी थंडी माफ केली. मंडळात बुवा, एक पोर्तुगीज न्हावी, एक पंजाबी ट्रकवाले सरदारजी (हे सामने पंजाबी समालोचनातून ऐकत. होय, बर्फावरच्या हॉकीचं पंजाबी समालोचन टीव्हीवर २००८ पासून सुरू झालं आहे आणि ते ऐकताना खेळ न कळणारा मनुष्यही नाचतो) आणि कानटोपीसह मी.

चर्चा एकच. जूनमध्ये कोणाला घ्यायचं, आणि आहेत त्यांतला कोण विकायचा. यांच्यापैकी कोणालाही संघाच्या मालकांनी कधी विचारलं नव्हतं, पुढेही विचारणार नव्हते. पण आपल्याकडे कट्ट्यावर बसून क्रिकेटचा संघ निवडणाऱ्यांना तरी कोण विचारतं? उलट विचारत नाहीत म्हणूनच निवड इतकी निर्दोष होते.

आणि तो ड्राफ्ट म्हणजे काय, तर शुद्ध बघण्याचा कार्यक्रम. आधी मुलांना एके ठिकाणी गोळा करतात. उंची, वजन, हातांचा पल्ला, मुठीची ताकद, सगळं मोजतात. मुलाखती घेतात, घरचं वळण कसं आहे ते पाहतात. दांड्याला लोंबकळून शरीर वर उचलायला सांगतात. २०१४ साली सॅम बेनेट नावाच्या मुलाला एकदाही ते जमलं नाही, आणि त्याची देशभर चर्चा झाली. आमच्या एका मामेबहिणीला पोहे वाढताना ठसका लागला होता, तीही चर्चा अशीच सात गावं फिरली. पुढे मामेबहिणीचा संसार छान झाला. बेनेटचंही बरं झालं. २०२५ साली कप जिंकणाऱ्या फ्लोरिडाच्या संघातला तो प्लेऑफ्सचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

मंडळात त्या वर्षी दोन पक्ष पडले. बुवा म्हणत, नोआ हॅनिफिन घ्या. उंचापुरा, धिप्पाड, बचावाचा खांब. सरदारजी आणि न्हावी म्हणत, मिच मार्नर घ्या. मार्नर टोरांटोच्या परिसरातलाच, हातांत जादू, पण अंगाने काडी. वजन साधारण एकशेसाठ पौंड. "वारा आला तर उडेल!" बुवा म्हणत. मला दोघांतलं काहीच कळत नव्हतं. पण लग्नात माझं वजन अठ्ठेचाळीस किलो होतं, आणि सासरच्या मंडळींनी वाऱ्याचं हेच वाक्य मराठीतून म्हटलेलं मी ऐकलं होतं. मी मार्नरच्या पक्षात गेलो. बुवांनी पैज लावली, मोठ्या डबल-डबलची.

"निकाल कधी?"

"पाच-सात वर्षांनी. मुलं पिकायला वेळ लागतो."

एकोणऐंशी वर्षांचा मनुष्य सात वर्षांच्या मुदतीवर कॉफीची पैज लावत होता. मी हात मिळवला.

जूनमध्ये टोरांटोने मार्नर घेतला. आमच्याकडे टाळ्या, पलीकडे स्मशानशांतता. त्याच रात्री संघाने आपला चोविसावा नंबर देऊन एकोणतिसावा आणि एकसष्टावा घेतला. मग तो एकोणतिसावा देऊन चौतिसावा आणि अडुसष्टावा घेतला. मुलगा मला हे समजावत असताना आमची ही भाजी निवडत बसली होती. ती म्हणाली, "म्हणजे बोहारीण!"

वाचकहो, मला इतके दिवस जे उमगलं नव्हतं ते हिला मेथीच्या जुडीवरून मान वर न करता उमगलं. ट्रेड म्हणजे बोहारीणच. तीच घासाघीस, तोच "बाई, ह्या पँटला भोक आहे" असा तुच्छतेचा सूर, आणि सौदा झाल्यावर दोन्हीकडे तोच पश्चात्ताप. १९८४ साली हिने माझा लग्नातला कोट बोहारणीला देऊन एक स्टीलचं गाळणं घेतलं होतं. गाळण्याची जाळी दिवाळीपर्यंत टिकली. कोट पुढच्या उन्हाळ्यात मी बोहारणीच्या नवऱ्याच्या अंगावर पाहिला. त्याला तो मला बसायचा त्याहून चांगला बसला होता.

हीच गोष्ट मी मंडळात सांगितली, आणि पहिल्यांदाच सगळे माझ्याकडे आदराने पाहू लागले. न्हाव्याने कात्रीसारखी बोटं चालवत एकेक जखम मोजायला सुरुवात केली. १९८९ साली टोरांटोने टॉम कुर्व्हर्स नावाचा बचावपटू घेतला आणि बदल्यात १९९१ सालचं आपलं पहिलं पिक न्यू जर्सीला दिलं. कुर्व्हर्स सव्वा वर्षात दुसरीकडे गेला. त्या पिकावर न्यू जर्सीने स्कॉट नीडरमायर उचलला, आणि तो पुढे चार वेळा कप जिंकला. २००६ साली टूका रास्क हा तरणा गोली बॉस्टनला देऊन अँड्र्यू रेक्रॉफ्ट हा दुसरा गोली घेतला. २०१३ च्या मे महिन्यात सातव्या सामन्यात टोरांटो बॉस्टनविरुद्ध शेवटच्या सत्रात ४-१ ने पुढे होतं. हरलं. बॉस्टनच्या गोलात कोण उभा होता? रास्क! हे सांगताना न्हाव्याचा आवाज असा झाला की समोर गिऱ्हाईक असतं तर कान गेला असता.

तिकडे ड्राफ्टमधल्या हक्काला 'पिक' म्हणतात. मी ते मराठीतच ऐकायचो: पीक. आणि खरं सांगतो, तसं ऐकलं की सगळं चटकन कळतं. पुढच्या दोन वर्षांचं उभं पीक सावकाराला लिहून द्यायचं आणि आज बैल आणायचा. टोरांटोने २००९ साली फिल केसल नावाचा बैल असाच आणला. २०१० आणि २०११ ची पहिली पिकं, वर एक दुसऱ्या फेरीतलं. सावकार तोच, बॉस्टन. बॉस्टनने त्यांतून टायलर सेगिन आणि डगी हॅमिल्टन काढले. केसल गोल करायचा भरपूर, पण संघ काही वर येईना.

तो केसल १ जुलै २०१५ ला विकला. त्या दिवशी कॅनडाचा राष्ट्रीय सण असतो. आम्ही सगळे बुवांच्या अंगणात मक्याची कणसं खात होतो, तेवढ्यात बातमी आली. पिट्सबर्गला गेला. बदल्यात काही मुलं, काही पिकं, आणि त्यांनाही अटी. आणि वर काय, तर केसलच्या पगारातला पंधरा टक्के वाटा पुढची सात वर्षं टोरांटोच भरणार!

"म्हणजे शालू बोहारणीला दिला," ही म्हणाली, "आणि त्याच्या इस्त्रीचे पैसे दर महिन्याला आपणच द्यायचे?"

मुलाने भाषांतर केलं. सदुसष्टबुवा इतके हसले की त्यांच्या मुलीला पाणी आणावं लागलं. केसलने पिट्सबर्गकडून २०१६ साली कप जिंकला. २०१७ सालीही जिंकला. इस्त्री टोरांटोची.

त्या दिवशी हसता हसता बुवांनी मुलीकडे बोट दाखवून मला एक गोष्ट सांगितली. २ मे १९६७. मेपल लीफ गार्डन्समध्ये माँट्रियलविरुद्ध सहावा सामना. बुवांकडे तिकीट होतं. संध्याकाळी ही मुलगी, तेव्हा सहा महिन्यांची, तापाने फणफणली. बुवांनी तिकीट मेव्हण्याला दिलं. "म्हटलं, पुढच्या वर्षी बघू." लीफ्स ३-१ ने जिंकले. मेव्हण्याने आयुष्यभर त्या सामन्यावर जेवणं उकळली. मुलगी म्हणाली, "मी दर वसंतात माफी मागते." बुवा म्हणाले, "ताप एकशेतीन होता," आणि दुसरं कणीस उचललं.

रात्री भांडी विसळताना ही एकदम म्हणाली, "आपलंही एक पहिल्या फेरीतलं पीक इकडे आलंच की. बदल्यात काय मिळालं?" मी म्हटलं, "वर्षाआड विमानाचं तिकीट. तेही अटींवर." ती हसली नाही. मीही विनोद म्हणून म्हटलं नव्हतं. मग आम्ही दोघांनी मिळून ओटा पुसला.

सप्टेंबरात आम्ही परतलो. पुढच्या वर्षी टोरांटो अगदी तळाला गेलं, आणि या वेळी लॉटरी लागली! इकडे महाराष्ट्र दिनाची पहाट, मी दूध तापवत होतो, मुलाचा फोन आला. मागे बुवांचा आवाज येत होता, "सांग त्यांना, सांग त्यांना!" ऑस्टन मॅथ्यूज मिळाला. पहिल्याच सामन्यात त्या पोराने चार गोल केले. असं पदार्पण आधुनिक काळात कोणी केलं नव्हतं. सामना टोरांटो ४-५ ने हरलं. बुवांनी निरोप पाठवला: "मुलगा चांगला आहे. बाकी घर तसंच आहे."

मध्ये कोविड आला आणि गेला. आम्ही पुन्हा जाईपर्यंत २०२३ उजाडलं. न्हाव्याने दुकान विकलं होतं, सरदारजी गुडघ्यांमुळे ट्रक सोडून बसले होते. बुवांच्या हातात काठी आली होती, पत्नी गेल्या होत्या. डॉक्टरांनी सांगितलं होतं, ताण घेऊ नका. मुलगी म्हणाली, "म्हणजे लीफ्स बघू नका." त्या वसंतात लीफ्सने २००४ नंतर पहिल्यांदा प्लेऑफ्सची एक फेरी जिंकली होती. एकच फेरी. पण बुवांचा चेहरा असा की घरात नातवाची मुंज लागावी. दुसऱ्या फेरीत फ्लोरिडाने घरी पाठवलं, ते सांगायला नकोच.

त्यांच्याकडे आता एक वही होती. त्यात सोळा-सतरा वर्षांच्या मुलांची नावं, गाव, उंची, डावखुरा की उजवा. आपल्याकडे वधूवर सूचक मंडळातल्या बाई ठेवतात तशी. त्या जूनमध्ये अठ्ठाविसाव्या नंबराला टोरांटोने ईस्टन काउअन घेतला. जाणकारांच्या याद्यांत तो बराच खाली होता. टीव्हीवरचे पंडित नाकं मुरडत होते. बुवांनी वही उघडली, नाव दाखवलं. शेजारी फुली नव्हे, चांदणी होती. "तीन वर्षं द्या," ते म्हणाले. सत्त्याऐंशीव्या वर्षी.

आमच्या पैजेचं काय, असं मी विचारलं. मार्नर तोवर संघाचा मोठा खेळाडू झाला होता. "हंगामात भारी, प्लेऑफ्समध्ये गायब," बुवा म्हणाले. "निकाल राखून ठेवलाय." मी कॉफीचे पैसे दिले. तेव्हा ते म्हणाले, "ही वेगळी."

२०२५ च्या जुलैच्या पहिल्या दिवशी रात्री फोन वाजला. मुलाने फोन पलीकडच्या अंगणात नेला होता. मार्नर गेला. वेगासला. मी विचारलं, बदल्यात काय मिळालं?

"निकोला रॉय."

"रॉय?" ही पलीकडून ओरडली. "बंगाली का?"

बंगाली नव्हता, क्वेबेकचा, फ्रेंच. भाषांतर झालं, पलीकडे बुवा हसल्याचा आवाज आला, पण दहा वर्षांपूर्वीइतकं पाणी लागलं नाही. मग ते स्वतः फोनवर आले. आवाज बारीक झाला होता.

"पैज," ते म्हणाले. "तुमचा मार्नर वेगासला. माझा हॅनिफिन कुठे आहे माहीत आहे?"

"कुठे?"

"वेगासला! गेल्या वर्षीपासून. दोघं आता एका संघात. निकाल बरोबरीत." थोडं थांबले. "कॉफी ज्याची त्याने प्यायची."

मी म्हटलं, आता पुढे काय? हे विचारायला नको होतं. २०२६ चं पहिलं पीक बॉस्टनला लिहून दिलंय. पहिल्या पाचांत आलं तरच आपलं राहणार. २०२७ चंही अटींवर फिलाडेल्फियाला. म्हणजे आशा ठेवायची ती थेट २०२८ च्या पिकावर. तो मुलगा तयार व्हायला तीन वर्षं. २०३१. मी इकडे बोटांवर मोजत होतो, आणि ते तिकडे बोटांवर मोजत असावेत, कारण दोघंही गप्प होतो.

"पंच्याण्णव," ते म्हणाले. "तुमचं किती?"

"शहात्तर."

"मग हरकत नाही. कागद-पेन्सिल घ्या. मुलगा आत्ता पंधरा वर्षांचा आहे, नाव जरा अवघड आहे, स्पेलिंग सांगतो."

मी चष्मा शोधला आणि लाइटच्या बिलाच्या मागे लिहून घेतलं.